आईबाबांच्या कॉम्प्युटरशेजारी चिकटवायला एक पान : काय काय लिहू?

टिचकी
आईबाबांच्या घरी कॉम्प्युटर आहे आणि त्याची सगळी जबाबदारी फोनवरून माझ्याकडे. "अगं ते गेलं बघ" असं सुरू होतं, मग काय गेलं, कुठून गेलं, जायच्या आधी तुम्ही काय दाबलंत हे विचारण्यात अर्धा तास. म्हणून ठरवलंय की एका कागदावर मोठ्या अक्षरात कामाच्या गोष्टी लिहून कॉम्प्युटरशेजारी चिकटवायच्या. माझी यादी अशी :
बंद झालेला टॅब परत आणायला कंट्रोल + शिफ्ट + टी. चुकून काही पुसलं तर कंट्रोल + झेड. अक्षरं भलतीच मोठी किंवा बारीक झाली तर कंट्रोल + शून्य. स्क्रीनच्या तुकड्याचा फोटो काढायला विंडोज + शिफ्ट + एस. पानावर शब्द शोधायला कंट्रोल + एफ.
अजून काय घालू? अट एकच, एका पानात मावलं पाहिजे. मोबाईलचं नको, त्यावर वेगळा धागा काढेन.

वायफळ
पहिली ओळ : डेस्कटॉपवर राईट क्लिक, रिफ्रेश, पुन्हा रिफ्रेश, पुन्हा रिफ्रेश. मशीन शांत होतं, माणूसही शांत होतो.

अर्धविराम
हसू नका, मी रोज करतो. त्याने फास्ट होतं ना पण?

शेवटचाबाक
नाही हो. रिफ्रेशने फक्त त्या खिडकीतले आयकॉन नव्याने मांडले जातात, रॅम बीम काही रिकामी होत नाही.
टिचकी, तुमच्या कागदावर एकच गोष्ट लिहायची असेल तर लिहा "काही अडलं तर रीस्टार्ट". आणि शट डाऊन नव्हे, रीस्टार्टच. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची भानगड आहे. ती चालू असेल तर शट डाऊन केल्यावर तुमचे प्रोग्रॅम बंद होतात पण विंडोजचा गाभा जसा आहे तसा डिस्कवर लिहून ठेवला जातो, आणि सकाळी चालू केलं की तोच उचलून आणतात. म्हणून सुरू लवकर होतं. पण कालचा गोंधळही त्याच्याबरोबर परत येतो. रीस्टार्टमध्ये सगळं पहिल्यापासून. पटत नसेल तर कंट्रोल + शिफ्ट + एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक करा, खाली अप टाइम, म्हणजे शेवटचं पहिल्यापासून सुरू झाल्याला किती वेळ झाला ते, दिसेल.

झोपाळा
अगंबाई! रोज रात्री न चुकता शट डाऊन करते आणि अप टाइम आठवड्यांच्या हिशेबात दाखवतोय. मग मी रोज काय बंद करत होते?

वायफळ
मॉनिटरचा दिवा.

शेवटचाबाक
:) शिफ्ट दाबून धरून शट डाऊनवर क्लिक केलं की पूर्ण बंद होतं. किंवा कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप काढून टाका. एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क, असेल तर वेळेत फारसा फरक जाणवणारही नाही.

निळीशाई
विंडोज + व्ही कुणीच कसं लिहिलं नाही?? आपण कंट्रोल + सी करतो, मग दुसरं काहीतरी कॉपी करतो आणि पहिलं गेलं म्हणून हळहळतो. विंडोज + व्ही दाबलं की आधी कॉपी केलेल्या गोष्टींची अख्खी यादी येते, २५ पर्यंत. पहिल्यांदा दाबल्यावर "चालू करू का" विचारतं, हो म्हणायचं. विंडोज १० मध्ये २०१८ सालीच आलंय, पण दहातल्या नऊ जणांना माहीत नसतं. रीस्टार्ट केलं की यादी पुसली जाते, पिन केलेलं तेवढं राहतं. एक लक्षात ठेवा, पासवर्ड कॉपी केलात तर तोही त्या यादीत दिसू शकतो.
दुसरं म्हणजे कंट्रोल + शिफ्ट + व्ही. वेबपानावरून उचललेला मजकूर ईमेलमध्ये डकवला की त्याच्याबरोबर रंग, जाडी, भलते फॉन्ट सगळी वरात येते ती येत नाही, नुसते शब्द येतात. ब्राऊझरमध्ये बहुतेक सगळीकडे चालतं.
अवांतर : हे कट-कॉपी-पेस्ट ज्यांनी झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत घडवलं ते लॅरी टेस्लर २०२० मध्ये गेले. रोज ज्यांचं काम वापरतो त्यांचं नाव आपल्याला त्यांच्या बातमीत कळतं.

अर्धविराम
वाचनखूण साठवली. विंडोज + व्ही साठी साष्टांग दंडवत _/\_

कुंभकर्ण२
विंडोज + एल = कुलूप. विंडोज + डी = सगळं खाली, डेस्कटॉप समोर. विंडोज + पूर्णविराम = इमोजी. विंडोज + स्पेस = मराठी-इंग्रजी कीबोर्ड बदल. एवढं सांगून परत झोपतो.

पाटीपेन्सिल
धागा आवडला, पण थोडं कडू बोलणार आहे. मी तुमच्या आईबाबांच्याच वयाचा. निवृत्तीनंतर कॉम्प्युटर शिकलो, म्हणजे मुलाने "शिकवला". त्याची पद्धत अशी की मी प्रश्न विचारला की तो माझ्या हातातून माऊस घेणार, चार ठिकाणी टकटक करणार, "झालं बघा, सोप्पंय" म्हणणार आणि जाणार. काय झालं ते मला कळलेलं नसतं, आणि पुढच्या वेळी विचारायचीही लाज वाटते.
तर टिचकी, तुमची यादी चांगली आहे पण ती तुमच्या सोयीची आहे, त्यांच्या नाही. "कंट्रोल + शून्य" हे उत्तर झालं. आम्हाला आधी स्क्रीनवर काहीतरी दिसतं आणि त्याचं काय करायचं ते कळत नाही. म्हणून डाव्या बाजूला काय दिसतंय ते लिहा, उजव्या बाजूला काय दाबायचं ते. "अक्षरं एकदम मोठी झाली" हे डावीकडे. "बघत होतो ते पान नाहीसं झालं" हे डावीकडे. टॅब, झूम, क्लिपबोर्ड ही नावं मग आपोआप कळतात, नाही कळली तरी अडत नाही.
आणि एक, आम्ही जे दाबत नाही ते कळत नाही म्हणून नव्हे. बिघडेल म्हणून दाबत नाही. काय दाबल्याने काहीही बिघडत नाही आणि काय दाबल्याने खरोखर बिघडतं, हे आम्हाला कुणीही सांगितलेलं नाही. ते लिहा.

झोपाळा
काका, +१०००. माझ्या सासूबाईंनी माझ्याबद्दल लिहिल्यासारखं वाटलं :(

टिचकी
काका, कडू अजिबात नाही. डावी बाजू-उजवी बाजू हे मला सुचलंच नसतं. पण मग "खरोखर बिघडतं" मध्ये काय काय लिहू? मला वाटतं ती यादी फार लहान आहे.

शेवटचाबाक
लहानच आहे. कॉम्प्युटर दाबादाबीने बिघडत नाही, माणसाकडून काहीतरी काढून घेतलं जातं तेव्हा बिघडतं. माझ्या मते चारच गोष्टी. एक, स्क्रीनवर दिसलेल्या नंबरावर फोन करणं. दोन, कुणाच्या सांगण्यावरून काहीतरी डाऊनलोड करून चालू करणं. तीन, ओटीपी किंवा पासवर्ड दुसऱ्याला सांगणं. चार, डिलीट करून वर रिसायकल बिनही रिकामा करणं. बाकी काय वाट्टेल ते दाबू देत.

वायफळ
पाचवं : घरातल्या पोराला कीबोर्डवर बसू देणं. आमच्या लेकाने काय दाबलं देव जाणे, अख्खी स्क्रीन उलटी. वरचं खाली, माऊस उजवीकडे नेला की बाण डावीकडे. मी आपला मॉनिटरच उचलून उलटा ठेवला आणि ऑफिसचं काम उरकलं.

अर्धविराम
हसून हसून पुरेवाट. मॉनिटर उलटा कसा उभा राहिला पण?

वायफळ
भिंतीला टेकवून आणि मागे उशी लावून. इच्छा तिथे मार्ग.

कुंभकर्ण२
कंट्रोल + ऑल्ट + वरचा बाण. जुन्या मशीनवर चालतं. नव्यावर विंडोज + आय, सिस्टिम, डिस्प्ले, ओरिएंटेशन, लँडस्केप.

झोपाळा
बरं, शेवटचाबाक, तुम्ही स्क्रीनवरच्या नंबराचं म्हणालात म्हणून विचारते. माझ्याकडे हल्ली खाली उजव्या कोपऱ्यात सारखी एक चौकट येते, लाल रंगाची ढाल, "तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले, लगेच साफ करा". बंद केली की परत येते. अँटिव्हायरसने दोनदा पूर्ण स्कॅन केलं, काहीच सापडत नाही. व्हायरस लपून बसलाय का?

शेवटचाबाक
व्हायरस नाहीये, म्हणूनच सापडत नाही. कधीतरी एखाद्या साइटने "नोटिफिकेशन दाखवू का" विचारलं असेल आणि अलाऊवर क्लिक झालं असेल. कित्येक साइट्स मुद्दाम "तुम्ही रोबॉट नाही हे सिद्ध करायला अलाऊ दाबा" असं लिहितात. आता ती साइट तुमच्या ब्राऊझरमार्फत जाहिराती पाठवतेय. चौकट नीट निरखून बघा, लाल ढालीच्या आसपास अगदी बारीक अक्षरात ब्राऊझरचं नाव आणि त्याला लागून कुठल्यातरी विचित्र साइटचं नाव दिसेल.
क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे अलाऊड टू सेंडखाली जी जी अनोळखी नावं दिसतील ती काढून टाका. मी तर म्हणेन वरचं मुख्य बटणच असं ठेवा की कुठल्याच साइटला विचारताही येणार नाही.

झोपाळा
दिसलं!! खरंच बारीक अक्षरात होतं, एवढे दिवस मी फक्त ढालच बघत होते. यादीत भलतीच नावं होती, एक तर नुसते आकडे आणि अक्षरांची खिचडी. सगळी काढली. धन्यवाद धन्यवाद.

पाटीपेन्सिल
हे कागदावर हवंच. आणि ते दुसरं, भोंगा वाजणारं? पूर्ण स्क्रीन निळी होते, बायकी आवाजात इंग्रजीतून "कॉम्प्युटर लॉक झालाय, या नंबरावर फोन करा" चालू होतं. माझ्या एका मित्राने घाबरून फोन केला होता. पलीकडचा माणूस अतिशय नम्र. त्याने एक सॉफ्टवेअर घ्यायला लावलं, मग माऊस आपोआप फिरायला लागला. नशिबाने मुलगी घरात होती, तिने वायफायचं बटणच बंद केलं.

शेवटचाबाक
मुलीला शंभर मार्क. घाबरलेल्या माणसाला सगळ्यात लवकर सुचेल असं हेच आहे, इंटरनेट तोडणं.
तो भोंगा म्हणजे नुसतं वेबपान असतं हो. फुलस्क्रीन केलेलं असल्यामुळे बंद करायची फुली दिसत नाही, म्हणून लॉक झाल्यासारखं वाटतं. एस्केपचं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरायचं, फुलस्क्रीन जातं, मग टॅब बंद. तरी नाही गेलं तर ऑल्ट + एफ४, तरी नाही तर टास्क मॅनेजरमधून ब्राऊझरच संपवायचा. परत उघडताना "आधीची पानं परत आणू का" विचारलं तर नाही म्हणायचं, नाहीतर भोंगा पुन्हा हजर. खऱ्या विंडोजची एरर तुम्हाला फोन करायला कधीही सांगत नाही.
आणि माऊस आपोआप फिरवणारी सॉफ्टवेअर स्वतः वाईट नसतात. टिचकी, तुम्ही विंडोजमधलंच क्विक असिस्ट वापरत का नाही? कंट्रोल + विंडोज + क्यू. तुम्ही तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करायचं, एक कोड मिळतो, तो आईबाबांनी त्यांच्याकडे टाकायचा आणि परवानगी द्यायची की त्यांची स्क्रीन तुम्हाला दिसते. कोड थोडा वेळच चालतो. "ते गेलं" म्हणजे काय गेलं ते निदान डोळ्यांनी दिसेल. नियम मात्र कडक ठेवा, फोन त्यांनी तुम्हाला केलेला असेल तरच. "मी टिचकीच्या ऑफिसातून बोलतोय" असं कुणी म्हणालं की ठेवायचा.

टिचकी
क्विक असिस्ट आत्ताच बाबांबरोबर करून बघितलं. मला त्यांचा डेस्कटॉप दिसला आणि रडू यायचं बाकी राहिलं, भिंतीचा एक इंचही दिसत नाही इतके आयकॉन. पण चाललं!

अर्धविराम
अँटिव्हायरस कुठला घ्यावा हे पण लिहा ना कागदावर. मी विकतचा एक घेतलाय, शिवाय एक क्लीनर आहे जो रोज रजिस्ट्रीतल्या (विंडोजची सेटिंग्जची नोंदवही) शेकडो चुका दुरुस्त करतो.

शेवटचाबाक
रोज शेकडो नव्या चुका होतात कशा, हा प्रश्न तुम्हाला पडला नाही का? रजिस्ट्री साफ करणाऱ्या प्रोग्रॅमना मायक्रोसॉफ्टचा स्वतःचाच पाठिंबा नाही. फायदा शून्याच्या आसपास, आणि भलतीच नोंद उडाली तर एखादा प्रोग्रॅम बंद पडेल.
घरगुती वापराला विंडोजबरोबर येणारा डिफेंडर पुरतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे अपडेट. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, अजून त्यावर असाल तर त्याचं आधी बघा, अँटिव्हायरस नंतर.

अर्धविराम
असहमत. विकतचा असला की निदान मनाला आधार.

वायफळ
त्यासाठी रिफ्रेश आहे की, तो फुकट.

निळीशाई
डिफेंडरवर शेवटचाबाक यांना अनुमोदन. पण एक सेटिंग प्रत्येकाने बदलावं. विंडोज नेहमीच्या फाइल्सच्या नावाचं शेपूट लपवतं. म्हणजे कुणी "बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई" पाठवलं तर तुम्हाला दिसतं "बिल डॉट पीडीएफ", वर चित्रही पीडीएफचं लावलेलं असतं. उघडायला गेलात की प्रोग्रॅम चालू. फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, शो, फाइल नेम एक्स्टेन्शन्स. ती बरोबरची खूण केली की शेपूट दिसायला लागतं.

झोपाळा
बँकेच्या साइटवर कुलूप दिसलं की सुरक्षित, हे तरी खरं ना? आता तेही खोटं म्हणू नका.

शेवटचाबाक
अर्धं खरं. कुलपाचा अर्थ एवढाच की तुमच्या आणि त्या साइटच्या मधला मजकूर वाटेत कुणाला वाचता येत नाही. पलीकडे बँक आहे की भामटा, ते कुलूप सांगत नाही. भामटेही कुलूप लावतात, फुकट मिळतं. हाच घोळ होतो म्हणून क्रोमने २०२३ मध्ये कुलपाचं चित्रच काढून टाकलं, आता तिथे सेटिंग्जच्या पट्ट्यांसारखी खूण असते.
बघायचं ते नाव, आणि ते उलटं वाचायचं. वरच्या पट्टीत दोन तिरक्या रेघांनंतर नाव सुरू होतं. तिथून पुढची पहिली एकेरी तिरकी रेघ शोधा आणि तिथून मागे या. लगेच मागचे दोन तुकडे (काही देशांच्या पत्त्यात तीन) म्हणजे खरा मालक. "माझीबँक डॉट कॉम डॉट लॉगिन-मदत डॉट नेट" असं असेल तर मालक लॉगिन-मदत डॉट नेट आहे, माझीबँक हा नुसता पुढे लावलेला मुखवटा.

पाटीपेन्सिल
उलटं वाचायचं हे उत्तम, आता विसरणार नाही. पण मी सांगतो, कागदावर हे लिहू नका. आमच्यासाठी "बँकेचा पत्ता बुकमार्कमध्ये ठेवलाय, तिथूनच जायचं, ईमेलमधून किंवा शोधून नाही" एवढंच बास. समजावून सांगायच्या गोष्टी वेगळ्या आणि भिंतीवर लावायच्या वेगळ्या.

टिचकी
काका, हे बरोबर. आता पासवर्डचं बोला. बाबांची एक डायरी आहे, त्यात सगळे पासवर्ड लिहिलेत. मी किती वेळा सांगितलं की हे धोक्याचं आहे.

निळीशाई
बापरे, डायरी?? लगेच बंद करा. पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड एका मुख्य पासवर्डामागे सांभाळणारा प्रोग्रॅम, घ्या, बिटवॉर्डन, कीपास वगैरे फुकट आहेत.

शेवटचाबाक
मला वाटतं डायरी राहू दे.
दगड मारायच्या आधी ऐका. पासवर्ड चोरणारे तुमच्या कपाटापर्यंत येत नाहीत, ते जगाच्या दुसऱ्या टोकाला बसून फुटलेल्या साइट्सवरून चोरलेल्या पासवर्डांच्या याद्या घेऊन बसलेले असतात. तुमचं खातं जातं ते बहुतेकदा एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरल्यामुळे. एक साइट फुटली की उरलेल्या नऊ ठिकाणी तोच लावून बघतात. डायरीमुळे बाबा प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड ठेवत असतील तर ते तुमच्या-माझ्यापेक्षा शहाणे. डायरी घरात, कुलुपात, आणि ईमेल व बँकेचे पासवर्ड अर्धवट लिहिलेले, उरलेला तुकडा डोक्यात. मॅनेजर उत्तमच, माझाही आहे, पण त्याचा मुख्य पासवर्ड विसरले की सगळंच गेलं.

निळीशाई
हे पटायला जड जातंय. घरात येणारेजाणारे असतात की.

शेवटचाबाक
असतात. म्हणून घरोघरी उत्तर वेगळं. तुमच्याकडे माणसांची ये-जा असेल तर मॅनेजरच. पण दर महिन्याला पासवर्ड बदला हा जो सल्ला सगळीकडे असतो तो मात्र सोडा. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ मध्येच लिहिलंय की विनाकारण ठरावीक काळाने बदलायला लावू नका, फुटल्याची खूण दिसली तरच बदला. कारण माणसं शेवटचा १ काढून २ करतात. लांबी महत्त्वाची. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडले तरी भक्कम होतो. ट्रॉय हंट यांची हॅव आय बीन पोन्ड नावाची साइट आहे, तिथे ईमेल टाकला की तो माहीत असलेल्या कुठल्या गळतीत सापडलाय का ते दिसतं.

अर्धविराम
बघितलं. माझा पाच ठिकाणी. बदलायला बसतो, तूर्त ही माझी शेवटची पोस्ट.

कुंभकर्ण२
दुपटीचं लॉगिन (पासवर्ड आणि वर फोनवरचा कोड) चालू करा ईमेलला. आणि ते चालू करताना जे बॅकअप कोड मिळतात ते छापून ठेवा. फोन हरवला की त्यांच्याशिवाय दारात उभे.

निळीशाई
फोटोंचं कुणी बोलणार आहे का? "माझे फोटो क्लाऊडवर आहेत, बॅकअप आहे" असं म्हणणाऱ्यांसाठी : सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इथे उडवलं की तिथेही उडतं. गूगल फोटोजच्या कचरापेटीत बॅकअप झालेला फोटो ६० दिवस राहतो, ड्राइव्हच्या पेटीत फाइल ३० दिवस. त्यानंतर लक्षात आलं तर संपलं. माझ्या मावशीने फोनमध्ये जागा करायची म्हणून अॅपमधून जुने फोटो पुसले, तिला वाटलं फोनमधलेच जातायत. लग्नाचा अख्खा अल्बम.
छायाचित्रकार पीटर क्रोघ यांचा ३-२-१ नियम आहे, तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घरच्यासाठी एवढंच करा, बाहेरची एक हार्ड डिस्क, महिन्यातून एकदा जोडायची, कॉपी करायची, काढून ठेवायची. कायम जोडलेली ठेवलीत तर खंडणी मागणारा व्हायरस आला की तीही कुलूपबंद.

झोपाळा
मावशींचे फोटो मिळाले का परत?

निळीशाई
थोडे. तिने नातेवाईकांना पाठवलेले होते ते सगळ्यांकडून गोळा केले.

अर्धविराम
(परत आलो.) १५ जीबी भरलं म्हणून गूगल ओरडतंय, ईमेल यायचे बंद होतील म्हणे. काय पुसू? आणि हो, एक टेराबाइटची डिस्क घेतली तर विंडोज ९३१ जीबी दाखवतंय, फसवलं का मला?

निळीशाई
फसवलं नाही. डिस्कवाले हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या. जागा तेवढीच.
जीमेलच्या शोधपेटीत इंग्रजीत लार्जर, अपूर्णविराम, १० एम असं मध्ये जागा न सोडता टाइप करा, १० एमबीपेक्षा मोठे ईमेल समोर येतील. हजारो बारके ईमेल पुसण्यापेक्षा हे वीस-पंचवीस पुसलेले बरे. नंतर ट्रॅशही रिकामा करा, तोपर्यंत जागा मोकळी होत नाही. ते १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून आहेत, त्यामुळे खरा गुन्हेगार बहुधा फोटोजमधले व्हिडिओ.

वायफळ
हजार-१०२४ सारखंच आमच्या नेटचं. १०० एमबीचं कनेक्शन आणि डाऊनलोड १२ च्या वर जात नाही. कंपनीशी भांडलो.

शेवटचाबाक
भांडण हरलात. १०० मेगाबिट आहे ते. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट. तुम्हाला १२ मिळतायत म्हणजे कनेक्शन नंबर एक आहे.

वायफळ
हे मला भांडायच्या आधी सांगायला काय झालं होतं.

झोपाळा
मग आमच्या आतल्या खोलीत नेट का रांगतं?

शेवटचाबाक
राउटर कुठे आहे? टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटावर असेल तर आधी तिथून काढा, उघड्यावर, घराच्या मध्याकडे, जरा उंचावर ठेवा. आणि नावं दोन दिसत असतील तर आतल्या खोलीत २.४ गिगाहर्ट्झवालं घ्या, ते भिंतीतून जास्त लांब जातं. राउटरच्या जवळ बसलात की ५ वालं, त्याचा वेग जास्त पण भिंती सोसत नाहीत. २.४ वर असताना मायक्रोवेव्ह चालू झाला की नेट अडखळू शकतं, तोही त्याच पट्ट्यात काम करतो.

टिचकी
मंडळी, धागा कुठल्या कुठे गेला, पण सगळं वाचलं. कागद काकांच्या पद्धतीने केला. डावीकडे लिहिलंय "पान नाहीसं झालं", "अक्षरं बदलली", "स्क्रीन उलटी झाली", "लाल ढाल आली", "भोंगा वाजला", "काहीच हलत नाही". उजवीकडे काय करायचं. विंडोज + व्ही काढून टाकलं (निळीशाई, सॉरी), पत्ता उलटा वाचणंही काढलं. सगळ्यात वर जाड अक्षरात ते चार "हे करायचं नाही" आणि त्याखाली "बाकी काहीही दाबा, बिघडत नाही". आईला फोनवर वाचून दाखवलं तर म्हणाली भोंग्याच्या पुढे आधी "आवाज बंद कर" लिही, आवाज चालू असताना मला काही सुचत नाही.

पाटीपेन्सिल
आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी सांगितलेलं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. खाली चार-पाच ओळी कोऱ्या सोडा, त्यांच्या अडचणी त्यांनाच त्यांच्या अक्षरात लिहू देत.

टिचकी
हो, सोडते. पीडीएफ ईमेल केलीय, पण बाबा म्हणतात प्रिंट दाबलं तर काहीच होत नाही. :(

शेवटचाबाक
सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस, प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, त्यांचा प्रिंटर, ओपन प्रिंट क्यू. एखादं जुनं काम अडकून बसलं असेल तर ते रद्द करा, मागची रांग पुढे सरकेल. पॉज झालेलं असेल तर रिझ्यूम.

टिचकी
गेल्या महिन्यातलं कसलंतरी तिकीट अडकलं होतं. ते काढल्यावर बाबांनी जितक्या वेळा प्रिंट दाबलं होतं तितक्या प्रती एकामागून एक आल्या. शाई संपली.

वायफळ
पाठकोऱ्या कागदांची सोय झाली.

नवशिका
धागा उशिरा वाचला. यातलं मॅकवर काय काय चालतं?

कुंभकर्ण२
टॅब परत आणणं आणि चूक मागे घेणं तसंच, फक्त कंट्रोलच्या जागी कमांड. स्क्रीनच्या तुकड्याचा फोटो कमांड + शिफ्ट + ४. अडकलेलं अॅप संपवायला कमांड + ऑप्शन + एस्केप.